कमी पैशात कोकणातलं घर लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन वर्षांपूर्वी ठाण्याचं भाड्याचं घर सोडून आम्ही देवगड तालुक्यातल्या गावच्या घरी कायमचे राहायला आलो. मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कौलारू, पुढे पडवी आणि खळं, म्हणजे अंगण. भिंती-छप्पर शाबूत होतं, पण आत दोन पाट, एक जातं आणि सासूबाईंची लाकडी पेटी, एवढाच ऐवज. हाताशी ६०,००० रुपये. त्यातले पहिले १४,००० मी पाण्यात घातले. हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही, कसे ते पुढे येईलच. आता वाडीत कोणी नवीन घर बांधलं किंवा कोणी चाकरमानी परत आला की फोन मला येतो. प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

सगळ्यात आधी काय विकत घ्यावं?

जमलं तर काहीच नाही. एक पावसाळा घरात काढा आणि मग खरेदीला निघा.

हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. पण आपल्याकडे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतोच. कुठली भिंत ओल धरते, झड कुठल्या खिडकीतून आत येते, कौलातून कुठे ठिबकतं, हे मे महिन्यात कोणीच सांगू शकत नाही. जुलैत आपोआप दिसतं. मी भिंतींवर खडूने खुणा करून ठेवल्या होत्या. पश्चिमेकडच्या खोलीची एक भिंत कमरेपर्यंत काळी पडली. नेमका तिथेच मी पलंग लावायचं ठरवलं होतं.

मग तोवर झोपायचं कशावर? कपडे कुठे ठेवायचे?

झोपायचं जमिनीवर. खाली चटई, वर गादी, आणि सकाळी उठल्याबरोबर गादी उचलायची. दिवसभर तशीच पडून राहिली तर पंधरा दिवसांत तिच्या पोटाला काळे ठिपके येतात आणि ते कशानेही जात नाहीत. नवीन गादी घ्यायची असेल तर काथ्याची घ्या. फोमपेक्षा तिच्यात हवा खेळते. घरी कापसाच्या गाद्या असतील तर मेमध्ये पिंजून, चार कडक उन्हं देऊन पावसाळ्याची बेगमी करून टाका.

कपड्यांसाठी वाशाला दोन दोऱ्या बांधून एक बांबू आडवा टांगला, झालं वलण. घडीच्या कपड्यांना आंब्याच्या लाकडी पेट्या. हंगाम संपला की बागायतदारांकडे मोडक्या-धडक्या पेट्या पडून असतात, मागितल्या तर नाही म्हणत नाहीत. वर आलेले खिळे ठोकायचे, पॉलिश पेपर मारायचा, तीन पेट्या एकावर एक आडव्या ठेवल्या की फडताळ तयार. लाकूड हलकं असतं, दोन-तीन वर्षांत त्याला भुंगा लागतो. लागला की न्हाणीच्या चुलीत. माझ्या पहिल्या पेट्यांवर एक अख्खा श्रावण आंघोळीचं पाणी तापलं.

तयार कपाट स्वस्त पडतं, घरपोच येतं. ते का नको?

कारण ते लाकूड नसतं. भुसा आणि गोंद दाबून केलेला तक्ता असतो, वरून लाकडाच्या रंगाचा कागद. माझे १४,००० गेले ते इथे. दोन दारं, आत आरसा, फार देखणं होतं. मेच्या शेवटी आलं. ऑगस्टमध्ये खालची फळी फुगायला लागली. आधी वाटलं कागदच सुटतोय. बोटाने दाबलं तर कड खारी बिस्किटासारखी पापुद्रे सोडून हातात आली. मग दार खाली उतरलं, मग बिजागरीचा स्क्रू भुशातून सुटला. दुकानदार म्हणाला, पाणी लागलं असेल. पाणी कुठे लागलंय? हवाच तशी आहे.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात मावशीकडे साफसफाईला गेलो होतो, तेव्हा खरं तर हे डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्याकडचं असलं सगळं सामान लगद्यासारखं फावड्याने भरून काढलं. फणसाचं जुनं कपाट मात्र धुतलं, दारं काढून महिनाभर सावलीत सुकवलं, आणि ते आजही तिच्या माजघरात आहे. एवढं पाहूनही मी ते दोन दारांचं कपाट घेतलं. माणूस फोटोला भुलतो.

प्लायवूड चालेल का?

चालेल, पण कुठलं ते बघून घ्या. साधं ‘एमआर’ प्लाय, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारं, शहरातल्या कोरड्या खोलीसाठी ठीक. इथे निदान ‘बीडब्ल्यूआर’, म्हणजे उकळतं पाणी सोसणारं, आणि स्वयंपाकघरात किंवा ओल्या भिंतीजवळ ‘आयएस ७१०’ शिक्का असलेलं मरीन प्लाय. पूर्ण शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. दुकानात भाव चौरस फुटावर सांगतात, तो ३२ ने गुणायला विसरू नका.

प्लायला पाणी कडेतून आत जातं. सुतार दर्शनी बाजू चकाचक करतो आणि मागची बाजू, खालची कड, पायाचा तळ कोरा सोडतो. तिथे उभं राहून रंग लावून घ्या. पन्नास रुपयांचं काम असतं आणि कपाटाचं आयुष्य त्यावर ठरतं.

आमच्या परड्यात फणसाचं मोठं झाड आहे. तोडून फर्निचर करावं का?

घाई नको. फणस आणि आंबा ही घरची झाडं असली तरी मनाला आलं म्हणून तोडता येत नाहीत. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत ती आहेत, साग, ऐन, किंजळही आहेत. आधी परवानगी, आणि तोडलेलं लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वनखात्याचा वाहतूक पास. झाड वाऱ्याने पडलं तरी तलाठी आणि वनरक्षकाला कळवून, पंचनामा करून मगच करवत लावा.

लाकूड म्हणाल तर फणसासारखं दुसरं नाही. कापल्यावर हळदीसारखं पिवळं, वर्षागणिक तांबूस होत जातं, आणि गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. सालीलगतचा पांढरा भाग मात्र किड्याचं खाणं आहे. तो सुताराला काढून टाकायला लावा, भले फळी दोन इंच अरुंद झाली तरी. आंब्याचं लाकूड स्वस्त पण कच्चं. स्टूल, फळी, तात्पुरता माचा, यापुढे त्याच्यावर पैसे घालू नका.

फळ्या कापून आणल्या की लगेच कामाला घ्यायच्या नाहीत. सावलीत, वारा लागेल अशा जागी, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचायच्या. जाडीच्या एका इंचाला एक वर्ष, असा जुना हिशेब आहे. आम्हाला धीर नव्हता. सुताराने फळी हातात घेऊन तोलली, नखाने ओरखडली आणि म्हणाला, “बाये, ह्या लाकूड अजून वला आसा.” आणि अवजारं उचलून गेला. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, असा सुतार मिळायला नशीब लागतं.

सुताराशी व्यवहार कसा करावा? आम्हाला लाकडाचा हिशेब कळत नाही.

लाकूड घनफुटावर विकतात. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिघांचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. ६ फूट लांब, ९ इंच रुंद, १ इंच जाड फळी म्हणजे ५४ भागिले १४४, ०.३७५ घनफूट. अशा आठ फळ्या म्हणजे ३ घनफूट. एवढं जमलं की गिरणीवाला तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलायला लागतो. आणखी एक: इंचाची फळी रंधा मारल्यावर पाऊण इंच उरते. ही फसवणूक नव्हे, पण आधी माहीत असावं.

मजुरी रोजावर द्यायची की कामावर? छोट्या दुरुस्त्यांना रोज, पलंग-कपाटासारख्या मापाच्या वस्तूला ठरवून. ‘मटेरियलसकट’ म्हटलं की बिजागऱ्या आणि स्क्रू सगळ्यात हलके येतात, म्हणून ते स्वतः आणून द्या. पितळी घ्या, नाहीतर स्टेनलेसचे. साधा लोखंडी स्क्रू समुद्राच्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत लाकडात विरघळल्यासारखा होतो आणि भोवती काळा डाग सोडतो.

काम कधी काढावं हेही महत्त्वाचं. गणपतीच्या आधी सुतार देवालाही सापडत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी-मार्च हा काळ चांगला, हवा कोरडी आणि सुतार मोकळा. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला ड्रॉवर जुलैत फुगून अडकतो, तेव्हा फट थोडी ढिली ठेवायला सांगा. चपडीचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश करू नका, दमटपणात पांढरं पडतं. आम्ही आतून-बाहेरून जवसाचं तेल चोळलं आणि पायांच्या तळाला डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलांचं तेल. होड्यांना लावतात तेच. वाळवीला चांगला अटकाव होतो, पण हातमोजे घालूनच लावा. कातडीला लागलं तर फोड येतात, नवऱ्याचा अंगठा साक्षीला आहे.

लोखंडी कपाट घ्यावं का? खाऱ्या हवेत गंजणार ना?

गंजणार, पण पायाकडून गंजणार, आणि पाय आपल्या ताब्यात असतात. चारी पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा, कपाटाखालून फडकं फिरेल एवढी जागा ठेवा. जुनं जाड पत्र्याचं कपाट नव्या पातळ पत्र्यापेक्षा कधीही चांगलं. गंज दिसला की मेमध्येच, पत्रा तापलेला असताना, चकचकीत होईपर्यंत घासून रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंटचे दोन हात. पावसात रंगवलंत तर गंजावरच रंग बसतो.

स्टीलची मांडणी घेताना लोक चुंबक लावून बघतात. त्याचा उपयोग नाही. २०२ आणि ३०४, या दोन्ही ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलना चुंबक जेमतेमच धरतं, आणि खाऱ्या वाऱ्यात आधी तांबूस ठिपके धरतं ते २०२. बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून देत नसेल तर उत्तर मिळालंच.

सोफा?

नको. रेक्झिनचा सोफा म्हणजे बुरशीची शेती. फणसाचं किंवा सागाचं बाकडं करा, वर सुटी गादी टाका, ती उन्हात टाकता येते. पैसे उरले तर झोपाळा. त्याच्यावर म्हातारी माणसं बसतात, मुलं झोपतात, दुपारी कोणीतरी भाजी निवडतं. एवढं काम सोफा करत नाही. कौलारू घरात तुळईची जाडी बघून टांगा. स्लॅबमध्ये हूक नंतर बसवायचा असेल तर गवंड्याला विचारल्याशिवाय भोक पाडू नका.

आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना नाकं मुरडू नका. न गंजता, न कुजता, एकात एक बसून कोपऱ्यात उभ्या राहतात. फक्त खळ्यात उन्हात सोडू नका, प्लॅस्टिक कडक होऊन एक दिवस पाहुण्यासकट मोडतं.

स्वयंपाकघरात ट्रॉल्या कराव्यात का?

त्या पैशांत कडप्पा घाला. भिंतीत दोन उभ्या कडप्प्यांवर आडवे कडप्पे ठेवून कप्पे करायचे. ना वाळवी, ना गंज, ना फुगणं, पाणी मारून धुता येतात. ट्रॉलीची चाकं आणि चॅनल आमच्या शेजारी दुसऱ्याच वर्षी अडकले, आता तिथे डबे काढायला वहिनींना गुडघ्यावर बसून हिसका द्यावा लागतो. तांदळाचे डबे आणि गोण्या जमिनीला टेकवू नका. लाकडी घडवंची करा, एका दिवसाचं काम आहे. मिठाची बरणी मात्र लोखंडी मांडणीवर नको.

चिऱ्याच्या भिंतीत खिळा धरत नाही. फळ्या कशा लावायच्या?

जांभा सच्छिद्र असतो, ड्रिल मारलं की लाल भुकटी पडते आणि भोक मोठं होतं. प्लॅस्टिकची गुट्टी त्यात फिरत बसते. लाकडाची गुट्टी करून सिमेंटमध्ये बसवा, दोन दिवस हात लावू नका, मग स्क्रू. तरी पुस्तकांसारखं जड काही असेल तर फळी भिंतीवर नको, पायावर उभी करा.

मुंबईहून जुनं सामान आणणं परवडतं का?

वस्तू परवडते, भाडं मारतं. त्यावर उपाय आंबा. मार्च ते मे आपल्याकडून टेम्पो पेट्या भरून वाशी मार्केटला जातात आणि येताना बरेचदा रिकामे येतात. ओळखीच्या आंबेवाल्याला ‘रिटर्न’ विचारा. आमचं एक लोखंडी कपाट, दोन पलंगांच्या चौकटी आणि शिलाई मशीन असं आलं, पूर्ण गाडीच्या भाड्याच्या तुलनेत किरकोळ पैशांत. फक्त ड्रायव्हरच्या वेळेला आपण तयार असायचं, तो आपल्यासाठी थांबणार नाही.

जुनं घ्यायचं तर ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार बघा, उल्हासनगरलाही भरपूर मिळतं. सोसायट्यांमध्ये घर रिकामं करणारे लोक तर कधी कधी नुसतं उचलून न्या म्हणतात. दोन गोष्टी तपासा. पलंगाच्या सांध्यांत ढेकूण आहेत का, मोबाइलचा टॉर्च मारून बघा. आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर वस्तू जमिनीवर आपटा. बारीक पीठ पडलं तर किडा अजून जेवतोय. ते घरी आणू नका, तो बाकीच्यांनाही बोलावतो.

बांबूचं फर्निचर टिकतं का?

बांबू कुठला आणि त्यावर प्रक्रिया केली आहे का, यावर सगळं. आपल्याकडचा माणगा भरीव आणि बिनकाटेरी, फर्निचरला उत्तम. कुडाळला बांबूच्या वस्तूंचं काम बरीच वर्षं चालतं, तिथे जाऊन प्रत्यक्ष बघा. विचारायचा प्रश्न एकच: बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवलाय का? कोवळ्या, ताज्या बांबूत पिठूळपणा असतो आणि भुंगा त्यासाठीच येतो. जुनी माणसं तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची ती ह्यासाठीच. पडवीत ठेवाल तर झडीपासून आत.

कपाटातल्या बुरशीवर उपाय?

दारं उघडी ठेवणं. बाकीचे सगळे उपाय त्यानंतर. वाटीत कळीचा चुना ठेवला तर ओल ओढतो, भुकटी झाला की बदलायचा, आणि मुलांच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही. पूर्वी कपाटात छोटा पिवळा बल्ब लावून ठेवत, त्याच्या उबेने हवा कोरडी राहायची. शेजारच्या काकांनी त्याच जागी एलईडी लावला. तो तापतच नाही. कपाटात उजेड छान पडला, बुरशी अधिक स्पष्ट दिसायला लागली.

हप्त्यावर घ्यावं का?

फ्रिज घ्या. फर्निचर नको, हप्ता संपायच्या आत वस्तू संपते.

पडदे?

जुन्या सुती साड्या. जाड पडदा इथे वाळत नाही.

गणपतीला घरात वीस माणसं असतात. तेवढे पलंग कुठून आणू?

आणूच नका. कोकणातलं घर पाच माणसांचं असतं आणि वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, वीस-पंचवीसांचं होतं. जे मधोमध हलत नाही ते त्या दिवसांत अडचण होतं. म्हणून माजघर रिकामं ठेवा. पलंग दोनच करा, म्हाताऱ्या माणसांपुरते, जमिनीवरून उठताना गुडघे दुखतात त्यांच्यासाठी. बाकीच्यांना चटया, गोधड्या. आमच्याकडे आठ गोधड्या आहेत, सगळ्या जुन्या साड्यांच्या. पाऊस उघडलेल्या दुपारी खळ्यात वाळत घातल्या की कोणती साडी कुणाच्या लग्नातली यावर तासभर जातो.

नवीन घर बांधत असाल तर गणपतीची जागा आधी ठरवा आणि तिच्यावर माटवीसाठी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीसाठी, चार हूक स्लॅब घालतानाच टाकून घ्या. माटवीला नारळ, सुपाऱ्या, काकड्या, कवंडळं असं बरंच वजन येतं. आमच्या ओळखीत एकाने गणपतीच्या मागच्या भिंतीला टीव्हीचं युनिट पक्कं केलं. आता दर चतुर्थीला टीव्हीवर चादर टाकून पुढे बाप्पा बसतात.

घरातल्या जुन्या पेट्या, पाट, पेटारे भंगारात द्यावे का?

द्यायच्या आधी एका कोपऱ्यात रंग खरवडून बघा. सासूबाईंच्या पेटीवर हिरव्या ऑइल पेंटचे चार थर होते. आम्ही ती जवळजवळ देऊन टाकली होती. खरवडल्यावर खाली फणस निघाला, गडद, मधाच्या रंगाचा, एकही किडा नाही. चार चिऱ्यांच्या तुकड्यांवर ती आता खिडकीखाली आहे. वर गादी टाकली की बसायला होते, आत गोधड्या राहतात. कडी-कोयंडा पितळेचा आहे, कुलूपही आहे, पण ते लागत नाही. किल्ली कुठे, असं विचारलं की सासूबाई तीन वर्षं एकच सांगतायत, “खयतरी आसा.”